फुल रेंज आहे, पण फोन लागत नाही: नेटवर्कच्या संशोधकांना किनाऱ्यावरून खुलं पत्र

प्रति,
संगणक आणि दूरसंचार विभागांतले प्राध्यापक, पीएचडी करणारे आणि शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट करणारी मुलंमुली,
मुंबई, पुणे, लोणेरे, रत्नागिरी आणि नेटवर्कच्या वाहतुकीवर जिथं जिथं संशोधन चालतं तिथं.

सप्रेम नमस्कार.

मी दापोली तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढली. लाइनमनची शिडी धरण्यापासून सुरुवात केली आणि ज्युनिअर टेलिकॉम ऑफिसर म्हणून सुटलो. आता सुपारीचं थोडं आगर आहे ते बघतो, आणि वेळ उरला की तुम्ही लोक लिहिता ते शोधनिबंध वाचत बसतो. सगळे कळतात असं नाही. पण रांग कशी लागते आणि का लागते हे बघणं माझं आयुष्यभराचं काम होतं, त्यामुळे गणित डोक्यावरून गेलं तरी मुद्दा हातातून जात नाही.

पत्राचं निमित्त माझी नात. तशी पुतणीची मुलगी, पण आमच्याकडे नात म्हणजे नातच. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. यंदा गणपतीला आली ती लॅपटॉप घेऊनच. पडवीत बसून तिनं मला तिच्या ग्रुपचं प्रोजेक्ट दाखवलं. नेटवर्कमधली गर्दी आवरणारा नवा अल्गोरिदम, त्याचे आलेख, एक निळी रेघ आणि तिच्या वर एक लाल रेघ. लाल रेघ त्यांची.

मी विचारलं, "हा ट्रॅफिक कुठला गं?"

"रँडम आहे आजोबा. पॉइसन, म्हणजे कोण कधी येईल त्याचा नेम नाही असा."

"आणि मधली लाइन?"

"दहा एमबीपीएस. लॉस शून्य, म्हणजे वाटेत काही हरवत नाही."

"बरं. आणि लाईट गेली की?"

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतोय.

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही हर्णैला मासळी आणायला गेलो. कोकणात या दिवशी बंदरावर काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. सगळ्या घरांचा उपास त्याच दिवशी सुटतो. परतीच्या वाटेवरचे चाकरमानी, पर्यटक, हॉटेलवाले, सगळे त्या वाळूवर. होड्या बाहेर उभ्या, बैलगाड्या पाण्यात, लिलावाचा ओरडा आणि प्रत्येक टोपलीमागे एक क्यूआर कोडचा पुठ्ठा. आम्ही कोळंबीचा एक वाटा आणि एक मध्यम सुरमई घेतली. सहाशे रुपये झाले. नातीनं कोड स्कॅन केला, पिन टाकला, आणि ते गोल चक्र फिरायला लागलं. मोबाइलवर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या. तिनं फोन उंच धरला, मग डावीकडे, मग दर्याकडे. मासळीवाल्या मावशी म्हणाल्या, "रोख द्या हो. ते फिरतंय ते फिरू दे."

रोख दिले. रात्री घरी आल्यावर मेसेज आला, पैसे गेले होते. दुसऱ्या दिवशी परत हर्णै. मावशींनी आम्ही तोंड उघडायच्या आत सहाशे रुपये हातावर ठेवले. त्यांच्याकडे अशा परतफेडीची वेगळी पिशवीच होती.

मी नातीला म्हटलं, तुझ्या आलेखात ही पिशवी कुठं दिसते?

तर मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढचं सगळं त्याचाच पाल्हाळ आहे: तुम्ही नेटवर्क सरासरी तासाला मोजता आणि आम्ही ते वाईट तासाला वापरतो.

आधी त्या काड्यांबद्दल, कारण सुशिक्षित माणसंही इथं फसतात. काड्या सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्या फोनला किती स्पष्ट ऐकू येतो. टॉवरला तुमच्यासाठी सवड आहे की नाही, आणि टॉवरच्या मागे जो रस्ता आहे तो मोकळा आहे की तुंबलाय, याबद्दल काड्या काहीही सांगत नाहीत. आमच्याकडे तो मागचा रस्ता म्हणजे बऱ्याचदा एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर मारलेला मायक्रोवेव्हचा (बिनतारी) पल्ला, आणि तिथून पुढे फायबर. ते फायबर रस्त्याच्या कडेनं जातं, आणि रस्त्यांची कामं कोकणात कशी आणि किती वर्षं चालतात हे मी सांगायची गरज नाही. जेसीबीचा एक दात लागला की चार गावं मुकी.

दुसरं, तो यूपीआयचा व्यवहार. त्यात जाणारा-येणारा मजकूर अगदी थोडका असतो, एका फोटोच्या तुलनेत काहीच नाही. त्याला स्पीड लागतच नाही. त्याला लागतं ते वेळेवर पोचणं. जाहिरातीत एमबीपीएस मोठ्या अक्षरांत असतात, आणि दुर्दैवानं तुमच्यातल्याही बऱ्याच जणांच्या आलेखात तेच असतं.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. मी नोकरीला लागलो तेव्हा ट्रंक कॉल, म्हणजे बाहेरगावचा फोन, बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग. जास्त पैसे मोजा, रांगेत पुढे जा. पुढे एसटीडी आलं, म्हणजे बाहेरगावी थेट नंबर फिरवायचा, आणि रात्री उशिरा पाव दर. त्या पाव दरानं काय केलं माहितीये? गावातला बिझी अवर दिवसाचा उचलून रात्रीत नेऊन ठेवला. बूथवर मध्यरात्रीच्या सुमाराला रांग, कारण मुंबईतल्या मुलाशी बोलायचं तर तेव्हाच परवडायचं. दरानं वाहतूक वळवता येते, हे मी पुस्तकात नंतर वाचलं.

मग गावोगाव सी-डॉट या सरकारी संस्थेची छोटी एक्स्चेंज आली, १२८ पोर्टांची. १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला त्यातलं पहिलं सुरू झालं होतं. पंखा फिरला तरी पुरे, एसी नको, हे त्याचं मोठेपण. अशा एक्स्चेंजमधून बाहेर जायला मोजक्या ट्रंक लाइनी असत, आणि किती लाइनी द्यायच्या हे ठरवायला आमच्याकडे एक तक्ता असायचा. तो तक्ता ज्या माणसाचा, त्या ए. के. एर्लांगनं कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत बसून १९०९ मध्ये दाखवलं होतं की लोकांचे फोन कसे येतात याला गणित लावता येतं, आणि १९१७ मध्ये ते सूत्र दिलं, जे आजही तुम्ही शिकवता. एक लाइन तासभर सलग गुंतलेली राहिली तर तो एक एर्लांग.

त्या तक्त्यातली एक गोष्ट मला तेव्हापासून खुपते. शंभरातला एकच कॉल लाइन न मिळून परत जावा असं धरलं, तर १०० लाइनी मिळून सुमारे ८४ एर्लांग वाहतूक पेलतात. मग १० लाइनींनी साडेआठ पेलावी ना? पेलत नाहीत. त्या पेलतात साडेचारच्याही आत, सुमारे ४.४६. म्हणजे लहान एक्स्चेंजची प्रत्येक लाइन मोठ्याच्या जवळजवळ निम्मंच काम करते, आणि त्यात कुणाची चूक नाही, गणितच तसं आहे. गर्दी मोठी असली की एकाची गरज दुसऱ्याच्या मोकळ्या वेळात बसते. लहान ठिकाणी बसत नाही. वाड्या विखुरलेल्या, मध्ये खाडी, मध्ये सडा, प्रत्येक टॉवरखाली थोडी माणसं: कोकणाची सगळी घडणच या तक्त्याच्या वाईट बाजूला आहे. "तिथं माणसं कमी, तिथं थोडी क्षमता पुरे" असं शहरात बसून म्हणणाऱ्याला हा तक्ता एकदा दाखवा. माणशी जास्त द्यावी लागते, कमी नाही.

पण एर्लांगनं दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या, आणि नातीच्या पॉइसनमध्ये त्यातली पहिली अजून बसलेली आहे. पहिली, की माणसं एकमेकांचा संबंध नसताना, आपापल्या मर्जीनं फोन करतात. दुसरी, की लाइन मिळाली नाही तर माणूस निमूट निघून जातो.

कोकणात या. चतुर्थीला सकाळी ज्या वाडीत एरवी वीस फोन असतात तिथं दीडशे येतात, आणि आरतीला घंटा वाजली की सगळे एकदम व्हिडिओ कॉल लावतात, कारण दुबईतल्या काकांना त्याच वेळी आरती दाखवायची असते. हा रँडम ट्रॅफिक नव्हे. याला पंचांग आहे! तुम्ही तारीख वर्षभर आधी सांगू शकता.

निमूट निघून जाण्याचं तर विचारूच नका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं तेव्हा आमच्या तालुक्यानंही मार खाल्ला. माझ्या आगरातल्या सुपाऱ्या काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या. घराची कौलं उडाली, खांब पडले, लाईट गेली ती कित्येक दिवसांसाठी. टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांच्या, डिझेल पोचवायला रस्ता नाही. पाचव्या की सहाव्या दिवशी बातमी आली की दापोलीच्या वाटेवर एका चढाला रेंज येते. गेलो. रस्त्याच्या कडेला पन्नास-साठ दुचाक्या, बायामाणसं, आणि सगळ्यांच्या फोनवर रेंज. फुल. आणि एकाचाही फोन लागत नाही.

माझ्या शेजारी एक पोरगा होता, त्याची बायको बाळंतपणाला माहेरी, म्हसळ्याकडे. त्यानं दहा मिनिटांत चाळीस वेळा तरी लावला असेल. लागला नाही की कापायचा, परत लावायचा. त्याचं काय चुकलं? मीही तेच केलं असतं. पण तिथं उभ्या शंभर माणसांनी प्रत्येकी चाळीस वेळा लावला म्हणजे त्या जेमतेम जाग्या झालेल्या टॉवरवर शंभर नव्हे, चार हजार जण दार ठोठावत होते, आणि दार ठोठावण्यातच त्याची शक्ती संपत होती. मी मुलीला डोंबिवलीला एसएमएस टाकला: "माणसं ठीक. कौलं गेली. फोन करू नको." तो गेला. एसएमएस बोलण्याच्या वाटेनं जात नाही, सिग्नलिंगच्या वाटेनं जातो, आणि लगेच पोचला नाही तर मध्ये कुठंतरी थांबून पुन्हा प्रयत्न करतो. मग त्या पोराचा टाइप करून दिला. त्यानंतर तिथं अर्धा तास मी पत्रलेखकाचं काम केलं.

तुमच्या इतिहासात असाच एक किस्सा आहे, तुम्ही शिकवतच असाल. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्या मधली लाइन, अंतर ४०० यार्ड, सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आली. तार तुटली नव्हती. यंत्रंच त्या पोरासारखी वागत होती: उत्तर आलं नाही, परत पाठव, परत पाठव. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या निबंधात जो उपाय मांडला त्याच्यावर आजचं इंटरनेट उभं आहे. पॅकेट, म्हणजे पाठवलेल्या मजकुराचा छोटा तुकडा, हरवलं म्हणजे पुढे गर्दी आहे असं समज, आणि हात आवर. पुन्हा पाठवायचं तर दर वेळी दुप्पट थांब. यंत्रांना तुम्ही संयम शिकवला. पण फोनच्या हिरव्या बटणावरच्या अंगठ्याला कुणी शिकवलेला नाही, आणि त्या चढावर उभ्या माणसाला तो शिकवूही नये.

इथं मात्र संशोधनाला जागा आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. प्रत्येक सिमकार्डावर ० ते ९ यांतला एक अंक साठवलेला असतो, अ‍ॅक्सेस क्लास म्हणतात त्याला. ११ ते १५ हे खास लोकांसाठी, त्यात आपत्कालीन सेवा, सुरक्षा दलं वगैरे. टॉवर गर्दीच्या वेळी सांगू शकतो की आत्ता अमुक अंकवाल्यांनी थांबा. म्हणजे पाळी लावायची सोय मुळातच करून ठेवलेली आहे. आमच्याकडे पाटाचं पाणी असलेल्या वाड्यांत पाळी असते: आज अमक्याच्या आगराला सकाळचं, तमक्याला दुपारचं. भांडणं होतात, पण पाणी शेवटच्या झाडापर्यंत पोचतं. वादळानंतर जाग्या झालेल्या एकट्या टॉवरवर दोन-दोन मिनिटांची पाळी लावली, आणि बाकीच्यांच्या फोनवर "तुमची पाळी इतक्या मिनिटांनी, तोवर एसएमएस करा" असं दिसलं, तर किती जणांचं बोलणं होईल? दोन मिनिटं बरी की पाच? परत-परत लावणाऱ्या माणसाचं मॉडेल कसं करायचं? ही पीएचडी आहे. हिला सिम्युलेटर लागेल, मी नाही म्हणत नाही. पण आधी तो चढ बघा.

आता घरातली गोष्ट. मला दोन वर्षांपूर्वी फायबरचं कनेक्शन मिळालं. कंपनीचं नाव घेत नाही, माणसं बरी आहेत. पॅकेज चाळीस एमबीपीएसचं. तरी संध्याकाळी मुलीचा कॉल आला की आवाज विहिरीतून आल्यासारखा. तक्रार केली, मुलगा आला, त्यानं स्पीड टेस्ट केली, "काका, एकोणचाळीस येतंय की!" आणि गेला. मग मी जुन्या सवयीनं मोजायला बसलो. दर अर्ध्या तासाला पिंग, म्हणजे एक छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघायचं, आणि आकडा कॅलेंडरच्या मागच्या पानावर. सगळं शांत असताना ३५-४० मिलिसेकंद. शेजारचा पुतण्या आमच्या वायफायवरून त्याच्या होमस्टेचे व्हिडिओ चढवायला लागला की १८००, २२००, एकदा ३१००. तीन सेकंद! आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे की बोलण्यात एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. तीन सेकंदांत मुलगी "हॅलो" म्हणून, थांबून, रागावून पुन्हा "हॅलो" म्हणते.

एकही पॅकेट हरवलं नव्हतं. गंमत तीच आहे. मधल्या डब्यातला बफर, म्हणजे पॅकेटं थांबायची जागा, इतका मोठा की तो काही टाकतच नव्हता, नुसतं साठवत होता. आणि हरवलं नाही म्हणून पाठवणाऱ्याला गर्दीचा पत्ता नाही. जेकबसनचा उपाय ज्या खुणेवर उभा, ती खूणच पुसली गेली. जिम गेटिस यांनी २०१०-११ च्या सुमाराला या दुखण्याला बफरब्लोट नाव दिलं आणि कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर कोडेल नावाचा उतारा काढला: बफर किती भरलाय ते बघू नका, पॅकेट त्यात किती वेळ रखडतंय ते बघा. मी एक जुना राउटर ओएलएक्सवरून घेतला, त्यात ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मुक्त सॉफ्टवेअर चढवलं आणि एफक्यू-कोडेल, म्हणजे कोडेलच पण प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी, चालू केलं. पुतण्याचे व्हिडिओ चढतायत, पिंग ६०. खर्च नऊशे रुपये. स्पीड टेस्ट आता छत्तीस दाखवते, कारण मी वेग मुद्दाम थोडा खाली बांधलाय, म्हणजे रांग माझ्या डब्यात लागते, त्यांच्या नाही. पुढच्या वेळी तो मुलगा आला तर म्हणेल, काका, तुमचं नेट बिघडलंय.

आता प्राधान्याबद्दल बोलतो, कारण तुमच्या निबंधांत सगळ्यात जास्त शाई तिथं जाते.

दाभोळहून धोपाव्याला फेरीबोट जाते. खाडी ओलांडायला काही मिनिटं, नाहीतर चिपळूणचा वळसा. सुट्टीत जेटीवर गाड्यांची रांग वरच्या वळणापर्यंत. अँब्युलन्स आली की शिट्टीवाला हात करतो, रांग बाजूला होते, ती आधी चढते. कुणी कुरकुरत नाही. हे झालं तुमचं प्राधान्य, तुमच्या भाषेत एक्स्पिडायटेड फॉरवर्डिंग. पण मी तिथं हेही पाहिलंय की मे महिन्यात एक गाडी "पेशंट आहे, पेशंट आहे" करत पुढे आली आणि मागच्या सीटवर हापूसच्या पेट्या. शिट्टीवाल्यानं काचेतून डोकावून तिला परत मागे पाठवलं.

१९९८ च्या डिसेंबरात डिफसर्व्ह, म्हणजे पॅकेटांचे वर्ग पाडायची पद्धत, आली तेव्हा प्रत्येक पॅकेटच्या कपाळावर सहा बिटांची खूण करायची सोय झाली. खूण करणं सोपं. काचेतून डोकावणारा शिट्टीवाला कोण, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. म्हणून कंपन्या आपल्या हद्दीबाहेरून आलेल्या खुणा बहुधा मानत नाहीत. त्याआधी १९९४ मध्ये इंटसर्व्ह मांडलं होतं, म्हणजे रेल्वेसारखं आधी आरक्षण. पण वाटेतल्या प्रत्येक राउटरनं प्रत्येक प्रवाशाचं नाव लक्षात ठेवायचं, ते मोठ्या जाळ्यात झेपलं नाही.

४जीमध्ये शिट्टीवाला आहे, पण फक्त कंपनीच्या स्वतःच्या कॉलसाठी. व्हीओएलटीईचा, म्हणजे ४जीवरून जाणाऱ्या साध्या कॉलचा, आवाज पहिल्या वर्गात, १०० मिलिसेकंदांत पोचवायचा असं ठरलेलं. बाकीचं इंटरनेट सगळं सहसा नवव्या वर्गात एकत्र. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर तुटणारं बोलणं साध्या कॉलवर नीट होतं. आणि म्हणून मावशींचे सहाशे रुपये आणि बाजूच्या पर्यटकाची बैलगाडीची रील एकाच रांगेत उभे होते.

मग यूपीआयला पहिला वर्ग द्या, असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. आज पैशाला दिला, उद्या कुणीतरी पैसे देऊन घेईल, आणि परवा हापूसच्या पेट्या. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, मजकुरागणिक वेगळे दर लावायला बंदी केली तेव्हा मला बरं वाटलं होतं, कारण लायटनिंग कॉलवाले कोण असायचे ते मी पाहिलंय.

फेरीबोटीवर आणखी एक गोष्ट घडते, तिकडे बघा. दुचाक्या. चारचाकींच्या रांगेत दुचाकी उभी राहतच नाही; बोटीवर गाड्यांच्या मधल्या फटीत ती बसते, तिच्यामुळे कुणाला उशीर होत नाही. एफक्यू-कोडेल नेमकं हेच करतं. ज्या प्रवाहाची पॅकेटं थोडी आणि अधूनमधून येतात त्याला ते फटीत पुढे घेतं. कपाळावरची खूण बघत नाही, कुठल्या अ‍ॅपचं ते विचारत नाही. ढीग घेऊन येणारा आपोआप मागे राहतो. डेमर्स, केशव आणि शेंकर यांनी १९८९ मध्ये फेअर क्यूइंगचा, म्हणजे प्रत्येक प्रवाहाला न्याय्य वाटा देणाऱ्या रांगेचा, जो विचार मांडला त्याच घराण्यातलं हे. २०१८ पासून त्याचा आरएफसी, म्हणजे इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज, आहे, क्रमांक ८२९०. माझ्या नऊशे रुपयांच्या डब्यात चालतं. डोंगरावरच्या मायक्रोवेव्ह पल्ल्यावर, पावसात तो निम्म्यानं मंदावलेला असताना, टॉवरचा स्वतःचा शेड्यूलर, म्हणजे कुणाचं कधी पाठवायचं ते ठरवणारा, वर बसलेला असताना, ते कसं वागतं? मला सांगता येत नाही. मोजायला डोंगरावर चढू देणारं पत्र तुम्हाला मिळेल, मला मिळणार नाही.

राहता राहिलं सरकारी मोजमाप. ट्रायला मी शिव्या घालणार नाही. त्यांनी सरासरीचा सापळा ओळखला होता. २०१७ मध्ये नियम बदलून त्यांनी म्हटलं की कॉल तुटण्याचं प्रमाण नुसत्या सरासरीत २ टक्के नको, ९० टक्के सेलमध्ये (सेल म्हणजे टॉवरच्या एका अँटेनाचा टापू), ९० टक्के दिवस ते २ टक्क्यांच्या आत हवं. सरासरीपेक्षा किती तरी चांगलं. पण उरलेले १० टक्के सेल कुठले आणि उरलेले ३६ दिवस कुठले? माझा अंदाज विचाराल तर सेल आमचे आणि दिवस गणपतीचे, मे महिन्याचे आणि वादळाचे. २०२४ च्या नव्या नियमांत सेवा बंद पडण्याचा हिशोबही आला, जिल्हा हे माप धरून. चांगलंच आहे. पण एका खाडीच्या तोंडावरचा टॉवर आठवडाभर मेला तरी रत्नागिरी जिल्हा चालूच असतो. मंडणगडापासून राजापुरापर्यंत एक जिल्हा, त्यात आमची चार गावं कुठल्या दशांश चिन्हानंतर येणार?

कोकण रेल्वेला एकेरी मार्गावर गाड्या चालवताना हे कळलं होतं. पावसाळ्याचं वेळापत्रकच वेगळं: वेग कमी, त्यामुळे क्रॉसिंगच्या वेळा वेगळ्या, सगळं आधी ठरवलेलं. कोरड्या दिवसांचं वेळापत्रक जुलैत चालवून "सरासरी गाडी वेळेवर" असं त्यांनी म्हटलं नाही. नेटवर्कला पावसाळी वेळापत्रक का नसावं, गणपतीचं का नसावं, हा प्रश्न मला तुमच्यातल्या कुणीतरी गणितानं मांडलेला हवाय. मी मांडला तर ती म्हाताऱ्याची कुरकुर होते.

नातीनं परत गेल्यावर गाइडना विचारलं म्हणे, ट्रॅफिकचं मॉडेल बदलू का. गाइड म्हणाले, आता सबमिशन जवळ आलंय, पुढच्या बॅचला देऊ. गाइडांचंही बरोबर असेल. पण म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना: पुढची बॅच आली की तिला इकडे पाठवा.

चार-पाच जुने फोन द्या त्यांच्याकडे, वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमचे, दर मिनिटाला एक छोटं पॅकेट पाठवून वेळ नोंदवणारे. एक हर्णै बंदरावर ठेवू, मावशींच्या बर्फाच्या पेटीशेजारी. त्यांना मी विचारलंय, त्या म्हणाल्या, चार्जिंगचे पैसे कोण देणार? एक दाभोळ जेटीवर. एक रेशन दुकानात, जिथं अंगठा लावून माणसं पावणेदोन तास बसतात. एक माझ्या आगरात. वर्षभर राहू द्या, एकही दिवस "आउटलायर", म्हणजे अपवाद, म्हणून वगळू नका. आणि आकडे आले की उघड्यावर ठेवा, एक पान मराठीत लिहा, ग्रामसभेत वाचता येईल असं. माझ्या कॅलेंडरच्या मागचे आकडे, दोन वर्षांचे, मी आत्ताच द्यायला तयार आहे. अक्षर जरा बारीक आहे आणि मार्चच्या पानावर चहा सांडलाय.

राहायची सोय आमच्याकडे होईल. पुतण्याचा होमस्टे आहे, गणपती आणि मे सोडून रिकामाच असतो. तुम्ही नेमके गणपतीत आणि मेमध्ये यायला हवेत, ती अडचण आपण सोडवू. टॉर्च आणा. दापोलीहून हर्णैची एसटी मिळेल. स्टँडवर उतरलात की मला फोन करत बसू नका, एसएमएस टाका, मी दुचाकी घेऊन येतो.

आपला,
दापोली तालुक्यातला एक निवृत्त टेलिफोनवाला